नावाचे चित्र

चित्रकाराला मनुष्याचे रूप काढता येते, वेष काढता येतो. तो सिंहासनावर बसला आहे की युद्धास निघाला आहे, जेवतो आहे की रडतो आहे, हे सर्व दाखविता येते. त्याचे नाव मात्र त्याला काढता येत नाही. नाव ही डोळ्यांना दिसणारी वस्तूच नव्हे. ती कानाची वस्तू. आईने हाक मारली की मूल वळून पाहते. त्या हाकेत जो ध्वनी असतो तेवढेच नाव. ज्यांच्यापाशी अक्षरे आहेत त्यांना ही अडचण कधी जाणवत नाही. आपण बाळबोध अक्षरांत वाटेल त्याचे नाव लिहितो, आणि त्यात आपण काही विशेष केले असे आपणांस वाटतही नाही. परंतु ज्यांचा सारा लेखनव्यवहार चित्रांनीच चालत असे, त्यांनी या अडचणीतून वाट कशी काढली असेल? मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषा बोलणाऱ्या लोकांनी ती काढली होती, आणि ती कशी काढली हे पाहू लागले असता चित्र संपून लिपी कोठे सुरू होते या जुन्या प्रश्नावर चांगला उजेड पडतो.

विद्यार्थिदशेत आम्ही प्रेस्कॉटचा १८४३ साली प्रसिद्ध झालेला मेक्सिकोच्या पाडावाचा इतिहास वाचला. त्या ग्रंथाची भाषा भारदस्त, प्रसंग रोमहर्षक, आणि राजांची नावे अशी की जीभ पदोपदी अडखळावी. इत्सकोआत्ल, आशायाकात्ल, आवित्सोत्ल, वित्सिलीवित्ल! कोणत्याही वाचकास ही नावे म्हणजे केवळ कठीण व्यंजनांची रास वाटावी. पुढे कित्येक वर्षांनी मेंडोसाच्या पोथीची रंगीत प्रतिकृती आमच्या पाहण्यात आली. तीत प्रत्येक राजाच्या मस्तकामागे एक बारीकशी रेघ काढून तिच्या टोकाला एक लहानसे चित्र जोडलेले आहे, आणि ते चित्र म्हणजे त्या राजाचे नाव, असे समजले. तेव्हापासून या विषयाची आम्हांस जी गोडी लागली ती अद्याप उतरली नाही.

या पोथीची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. १५२१ साली स्पॅनिश लोकांनी तेनोच्तित्लान हे राजधानीचे शहर जिंकले. आजचे मेक्सिको शहर त्याच जागी वसलेले आहे. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी तेथील चित्रलेखकांकडून ही पोथी तयार करून घेण्यात आली. पहिला व्हाइसरॉय आन्तोनिओ दे मेंडोसा याच्यासाठी ती केली अशी समजूत असल्यामुळे तिला त्याचे नाव मिळाले. चित्रे तद्देशीयांची, आणि त्यांखालील खुलासा स्पॅनिश भाषेत. खुलासा लिहिणाऱ्याने शेवटी अशी तक्रार नोंदविली आहे की, जहाजांचा ताफा सुटण्यास दहाच दिवस उरले असता हे काम त्याच्या हाती आले, म्हणून घाई झाली. पुढे पोथी फ्रान्समध्ये आन्द्रे तेवे या भूगोलज्ञाच्या हाती पडली. त्याने तिच्यावर आपले नाव व १५५३ हे साल घातले. त्याच्याकडून ती इंग्लंडात हॅक्लूटकडे गेली. १६२५ साली पर्चासने तिच्यातील चित्रे छापली. आणि १६५९ पासून ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. ज्या पोथीत राजांची नावे चित्रांनी घातली आहेत तिच्यावरच एका परकीयाने आपले नाव अक्षरांनी घालावे, हा योगायोग मोठा बोलका आहे.

पोथीच्या पहिल्या भागात नऊ राजांच्या कारकिर्दी दिल्या आहेत. प्रत्येक राजा शुभ्र वस्त्र पांघरून लव्हाळ्याच्या आसनावर बसलेला, आणि त्याच्या मुखासमोर एक लहानसे वळण. हे वळण म्हणजे वाणी. राजाला त्यांच्या भाषेत ‘त्लातोआनी’ म्हणत. त्याचा अर्थ ‘बोलणारा’. नऊही चेहरे जवळजवळ सारखेच आहेत. मुद्रेवरून कोणी कोणास ओळखू शकणार नाही. ओळख पटते ती मागच्या चिन्हावरून. चिमाल्पोपोका म्हणजे ‘धुमसणारी ढाल’. त्याच्यामागे एक ढाल असून तीतून धुराची वलये निघत आहेत. आकामापिच्त्ली म्हणजे ‘बोरूंची मूठ’. तेथे बोरूच्या काड्या मुठीत धरलेला हात आहे. वित्सिलीवित्ल म्हणजे ‘गुंजनपक्ष्याचे पीस’. तेथे त्या इवल्याशा पक्ष्याचे डोके आणि पिसे आहेत. आशायाकात्ल म्हणजे ‘जलमुख’. तेथे मनुष्याचा चेहरा आणि त्यावरून वाहणारे पाणी आहे. इत्सकोआत्ल म्हणजे ‘ऑब्सिडियनचा सर्प’. ऑब्सिडियन ही ज्वालामुखीतून निघणारी काळी, काचेसारखी शिळा; तिची पाती वस्तऱ्यासारखी धारदार होतात. त्या पात्यांची रांग पाठीवर उभारलेला साप या राजामागे दिसतो. ज्या नावांशी जिभेची झटापट चालली होती, ती अशी डोळ्यांपुढे उभी राहिल्यावर पुन्हा विसरली जात नाहीत, हा आमचा अनुभव आहे.

येथवर प्रकरण सोपे आहे. ज्या नावाला अर्थ आहे आणि ज्याचा अर्थ दिसण्याजोगा आहे, त्याचे चित्र काढले की झाले. मराठीतले उदाहरण घेऊन सांगावयाचे तर, वाघमारे या आडनावासाठी वाघ आणि त्यावर भाला उगारलेला पुरुष काढावा, म्हणजे कोणीही ते ओळखील. परंतु मानकर हे आडनाव कसे काढावे? मान म्हणजे आदर, आणि आदराला रूप नाही. तथापि एखादा चतुर चित्रकार येथे मनुष्याची मान काढील व तिच्याशेजारी हात, म्हणजे कर, काढील. आणि पाहणारा ‘मान-कर’ असे म्हणून हसेल. या घराण्याचा मानेशी वा हाताशी काही एक संबंध नाही. चित्राने केवळ उच्चार उसना दिला. हा खेळ पोरकट वाटतो खरा, परंतु लिपीच्या इतिहासात यापरते मोठे पाऊल नाही. ज्या क्षणी मानेचे चित्र पाहून मान हा अवयव मनात न आणता ‘मान’ हा ध्वनी तेवढा घ्यावयाचा असे ठरले, त्या क्षणी चित्र हे चित्र राहिले नाही, ते अक्षर झाले.

नाहुआत्ल भाषेची घडण या खेळास फार अनुकूल होती. तिच्यातील बहुतेक नामांच्या शेवटी ‘-त्ल’ किंवा ‘-त्ली’ असा प्रत्यय येतो, आणि जोडशब्द करताना तो गळून पडतो. मागे एक-दोन अक्षरांचे आटोपशीर अंग उरते. ‘तेत्ल’ म्हणजे दगड, त्याचे ‘ते’ होते. ‘नोच्त्ली’ म्हणजे फड्या निवडुंगाचे बोंड, त्याचे ‘नोच’ होते. दगड काढून त्यावर निवडुंग काढला की ‘तेनोच’ झाले. हे मेक्सिकोच्या मूळ नायकाचे नाव, आणि त्यावरूनच तेनोच्तित्लान. याच मेंडोसा पोथीत तेनोच व त्याचे सोबती बसलेले दाखविले आहेत. त्यांपैकी ओसेलोपान याच्यामागे चित्त्यासारखे ठिपके असलेले निशाण आहे. ओसेलोत्ल म्हणजे तो ठिपक्यांचा श्वापद आणि ‘पान्त्ली’ म्हणजे निशाण. शोमिमित्ल याच्यामागे बाणाने विंधलेले पाऊल आहे; ‘शो’ म्हणजे पाऊल आणि ‘मित्ल’ म्हणजे बाण. अशी ही लहान लहान अंगे जुळवीत गेले की नावे होत जातात.

गावांच्या नावांत तर हा खेळ अधिकच उघड दिसतो. आपल्याकडे जसे ‘-पूर’ व ‘-वाडी’, तसे त्यांच्याकडे ‘-त्लान’ हे स्थळवाचक पद आहे. स्थळ ही कल्पना चित्रात कशी दाखवावी? ‘त्लान्त्ली’ म्हणजे दात; म्हणून चित्रलेखक खुशाल दोन दात काढतो! ‘-पान’ या पदासाठी निशाण काढतो. क्वाउनावाक या गावाचे नाव ‘वृक्षांच्या सन्निध’ अशा अर्थाचे. तेथे एक झाड काढून त्याच्यापुढे वाणीचे वळण काढले आहे, कारण ‘नावा-’ या ध्वनीने सुस्पष्ट बोलण्याचाही बोध होतो. वृक्ष अर्थासाठी, वाणी ध्वनीसाठी. स्पॅनिश कानांनी याच गावाचे नाव ‘क्वेर्नावाका’ करून टाकले. त्या भाषेत त्याचा अर्थ ‘गाईचे शिंग’! एका जातीने ध्वनीचा उपयोग समजून उमजून केला, दुसरीने न समजता. परंतु नकाशावर आज गाईचे शिंगच आहे.

आता पुन्हा इत्सकोआत्लकडे वळू. राजाचे हे नाव पाती उभारलेल्या सापाने लिहिले जाई हे वर सांगितलेच. पण तेस्कोकोजवळच्या तेपेत्लाओस्तोक गावच्या रयतेची एक नोंदवही आहे. तिला वेर्गाराची पोथी म्हणतात, आणि ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्या गावातील कोणा साध्या माणसाचे नाव इत्सकोआत्ल असेच होते. परंतु तेथे साप नाही. तेथे ऑब्सिडियनचे टोक आहे, म्हणजे ‘इत्स’. मातीचे मडके आहे, म्हणजे ‘कोमित्ल’ यातील ‘को’. आणि पाणी आहे, म्हणजे ‘आत्ल’ यातील ‘आ’. इत्स-को-आ! मडक्याचा सापाशी संबंध नाही, पाण्याचाही नाही. राजाचे नाव अर्थाने लिहिले गेले, शेतकऱ्याचे ध्वनीने. आन्तोनिओ दे मेंडोसाच्या राज्यातील एका अप्रसिद्ध कारकुनाने तीन चिन्हे ओळीने मांडून जे केले, तेच मिसर देशातील व मेसोपोटेमियातील लेखकांनी हजारो वर्षांपूर्वी केले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ओबँ या फ्रेंच पंडिताने या उदाहरणाकडे प्रथम विद्वानांचे लक्ष वेधिले. त्याने १८३० ते १८४० पर्यंत मेक्सिकोत राहून अनेक पोथ्या मिळविल्या होत्या.

या नावाची आणखी एक मौज आहे. सोळाव्या शतकात सहागुन या फ्रान्सिस्कन साधूने तद्देशीय वृद्धांकडून ज्या हकीकती उतरवून घेतल्या, त्यांत असे म्हटले आहे की इत्सकोआत्लच्या राज्यात जुन्या इतिहासाच्या पोथ्या जाळण्यात आल्या. सामान्य जनांनी त्या जाणाव्यात हे इष्ट नव्हे, असे सत्ताधाऱ्यांस वाटले. म्हणजे ग्रंथदहनाचे पातक एकट्या स्पॅनिश धर्मोपदेशकांच्याच माथी नाही. पण काळाचा न्याय असा की, ज्या राजाने पोथ्या जाळविल्या त्याचेच नाव एका शेतकऱ्याने धारण केले, आणि त्या शेतकऱ्याच्या नावाने आम्हांस पोथ्या कशा वाचाव्यात हे शिकविले.

परकीयांची नावे लिहिताना तर या लेखकांची खरी कसोटी लागली. पेद्रो, मेंडोसा या नावांस त्यांच्या भाषेत अर्थच नव्हता, तेव्हा अर्थाचे चित्र काढण्याची सोय राहिली नाही. शिवाय नाहुआत्ल भाषेत ‘र’ नाही, ‘ब’, ‘द’, ‘ग’ हे घोष वर्णही नाहीत. मारिना या नावाचे त्यांच्या मुखी मालिना झाले, आणि आदरार्थी ‘-त्सिन’ लागून मालिन्त्सिन झाले; आपण जसे ‘जी’ किंवा ‘राव’ लावतो तसे हे ‘-त्सिन’. ‘तेल्येरिआनो-रेमेन्सिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोथीत १५४१ च्या सुमाराच्या घटनांचे एक पान आहे. त्यावर व्हाइसरॉय मेंडोसाच्या नावासाठी एक घायपातीच्या जातीचे झाड आणि एक जमीन पोखरणारा, घुशीसारखा प्राणी काढलेला आहे. झाडाचे नाव ‘मेत्ल’ आणि प्राण्याचे ‘तोसान’. दोन्ही मिळून ‘मे-तोसा’. स्पेनच्या बादशहाच्या प्रतिनिधीचे नाव लिहावयास घूस उपयोगी पडली! यात उपहास होता असे आम्हांस वाटत नाही. लेखकास ध्वनी हवा होता, तो जेथे सापडला तेथून त्याने घेतला. त्याच पानावर पेद्रो दे आल्वारादो याचा मृत्यूही नोंदविला आहे. १५२० साली उत्सवात नाचणाऱ्या निःशस्त्र लोकांची देवळाच्या प्रांगणात कत्तल करविणारा सरदार तो हाच. त्याच्या सोनेरी केसांमुळे लोक त्याला ‘तोनातिऊ’ म्हणजे सूर्य म्हणत. म्हणून त्याच्याजवळ सूर्यबिंब काढलेले आहे. एकाच पानावर एक परकीय ध्वनीने लिहिला आहे, दुसरा अर्थाने. एकाला त्याचे स्वतःचे नाव मिळाले, दुसऱ्याला जितांनी दिलेले.

धर्मोपदेशकांनी लॅटिन प्रार्थना शिकविल्या, तेव्हाही लोकांनी हीच युक्ती योजिली. मेंदिएता नावाच्या साधूने लिहून ठेविले आहे की, ‘पातेर नोस्तेर’ हे शब्द लक्षात राहावेत म्हणून ते एक निशाण व एक निवडुंगाचे बोंड काढीत. निशाण म्हणजे ‘पान्त्ली’, बोंड म्हणजे ‘नोच्त्ली’. ‘आमच्या पित्या’ या दोन शब्दांस त्यांनी दिलेले हे रूप पाहून त्या साधूंनाही कौतुक वाटले. येथे आम्हांस शाम्पोल्यॉनची आठवण होते. १८२२ साली त्याने मिसरी लिपीचे कोडे उकलले ते तॉलेमी व क्लिओपात्रा यांसारख्या परकीय नावांच्या आधारे. कारण परकीय नाव ध्वनीनेच लिहावे लागते, आणि म्हणून त्यातच ध्वनीची किल्ली सापडते. मेक्सिकोतही तीच गोष्ट. लिपीचे कुलूप बहुधा विशेषनामाने उघडते.

असो. आता ज्या प्रश्नावर पंडितांत वाद आहे त्याकडे वळले पाहिजे. ही चित्रे म्हणजे लिपी की केवळ स्मरणाच्या खुणा? प्रेस्कॉटच्या पिढीस वाटे की ध्वनीचा उपयोग या लोकांस ठाऊक होता खरा, परंतु त्यांचे मुख्य साधन चित्रच होते. कित्येकांनी पुढे असेही प्रतिपादिले की, ध्वनिलेखन हे स्पॅनिश अक्षरांच्या संसर्गाने आलेले फळ होय. २००८ साली आल्फोन्सो लाकादेना या स्पॅनिश विद्वानाने याचे जोरदार खंडन केले. त्याचे म्हणणे असे की, ध्वनिलेखनाचे प्रमाण प्रांतपरत्वे व लेखकांच्या संप्रदायानुसार बदलते. तेस्कोकोकडील लेखकांना त्याची अधिक सवय होती, आणि त्यामागील पद्धती त्यांची स्वतःची आहे. उलट पक्षी असे म्हणणारे थोर अभ्यासक आहेत की, हे चित्रलेखन सबंध वाक्य कधीच लिहीत नाही, आणि ते लिहीत नाही हाच त्याचा गुण; एखादे पान पाहून निरनिराळ्या भाषा बोलणारे लोकही त्याचा आशय सांगू शकत. नाहुआत्ल भाषेत ‘लिहिणे’ व ‘रंगविणे’ यांस क्रियापद एकच आहे, आणि लेखकाला व चित्रकाराला ‘त्लाकुइलो’ हे एकच नाव आहे. आपल्याकडेही संस्कृतात चित्र ‘लिहिले’ जाते हे ध्यानात घेतले, तर या ऐक्याचे फार नवल वाटू नये.

आमच्या मते या वादाचा निकाल पोथीच्या पानावरच लागलेला आहे. पानाचा बहुतेक भाग चित्र आहे: जळणारे देऊळ म्हणजे जिंकलेले गाव, पावलांचे ठसे म्हणजे प्रवास, गुंडाळलेले प्रेत म्हणजे मृत्यू. हे समजावयास नाहुआत्ल भाषा येण्याची गरज नाही. पण कोणते गाव, कोण प्रवासी, कोणाचा मृत्यू, हे सांगावयाची वेळ आली की लेखणी थबकते व चित्रापासून ध्वनीकडे वळते. ‘एक राजा’ चित्राने सांगता येतो. ‘हा राजा’ सांगावयास नावच लागते. जातिवाचक गोष्टींस चित्र पुरते, व्यक्तीस पुरत नाही. मनुष्यजातीला लिपी का हवीशी झाली याची कारणे पुष्कळ दिली जातात. कोणी व्यापार सांगतो, कोणी धर्म. त्यांत हेही एक कारण गणले पाहिजे की, एक मनुष्य दुसऱ्यासारखा नाही हे लिहून ठेवावेसे वाटले. ज्या पद्धतीने कधी न ऐकलेले ‘मेंडोसा’ हे नाव कागदावर उतरविले, तिला लिपी म्हणावयास आम्ही तरी कचरणार नाही.

ही नावे ठेवीत कशी, तेही मेंडोसा पोथीत दिले आहे. मूल जन्मल्यावर चौथ्या दिवशी सुईण त्याला अंगणात आणून न्हाऊ घाली. मुलगा असेल तर ढालबाण किंवा बापाच्या धंद्याची हत्यारे जवळ ठेवीत. मुलगी असेल तर केरसुणी, चाती व टोपली. त्या हत्यारांत चित्रलेखकाचेही साधन आहे. शेजारी तीन लहान मुलगे मक्याच्या लाह्या व शिजविलेला घेवडा खात बसलेले असत. सुईणीने सांगितले की ते तिघे बाळाचे नवे नाव मोठ्याने पुकारीत. आपल्या बारशात आत्याने कानात सांगितलेले नाव पेढ्यांबरोबर गावभर होते. तेथे लाह्या खाणारी पोरे ते काम करीत. कित्येकांना जन्मदिवसाचेच नाव मिळे. त्यांचे एक पंचांग २६० दिवसांचे होते. तेरा अंक व वीस चिन्हे यांच्या मेळाने प्रत्येक दिवसास वेगळे नाव येई. ‘सात-फूल’, ‘एक-बोरू’ अशी ती नावे. टिंबे मोजावीत आणि चिन्ह पाहावे, वाचन झाले. पुरुषांना ससा, गरुड, पक्षी, लावा अशीही नावे असत; ‘याओत्ल’ म्हणजे शत्रू किंवा योद्धा हे तर फार आवडते, आणि त्याच्यासाठी ढाल व शस्त्र काढीत. बायकांच्या नावांत मात्र एवढे वैचित्र्य नाही. क्वेर्नावाका प्रांताच्या, १५४० च्या सुमारास रोमन अक्षरांत पण नाहुआत्ल भाषेत लिहिलेल्या खानेसुमारीत घरोघर त्याच त्या बायका भेटतात: तेयाकापान, त्लाको, तेइकू, शोको; म्हणजे थोरली, मधली, पाठची आणि शेंडेफळ. मुलग्यास गरुड म्हणावे आणि मुलीस क्रमांक द्यावा, ही रीत त्या एकाच देशात होती असे म्हणावयाचे धाडस आम्हांस होत नाही.

या साऱ्यांत ज्या कागदांनी आमच्या मनास विशेष चटका लावला ते राजांचे नव्हेत, रयतेचे आहेत. वर सांगितलेली तेपेत्लाओस्तोकची नोंदवही १५४० नंतरच्या काही वर्षांतील आहे. प्रत्येक घराचे चिन्ह, घरातील माणसांची डोकी, त्यांच्याजवळ नावांची चित्रे. पुढे त्यांच्या शेतांचे आकार व बाजूंची मापे. आणि त्यापुढे क्षेत्रफळे. काठीहून कमी भरणाऱ्या अंतरांसाठी बाण, हृदय, हात अशी चिन्हे वापरली आहेत. नावात आलेला हात ‘मा’ असा वाचावा, बांधावर आलेला हात माप म्हणून मोजावा. जागा बदलली की त्याच चित्राचे काम बदलते, आणि वाचणारा गोंधळत नाही. एवढ्या काटेकोर नोंदींचे कारण कर हेच. या गावावर लादलेल्या कराचा बोजा असह्य होता, आणि पुढे तेथील लोकांनी चित्रांनीच आपली कैफियत मांडली. ती पोथी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. वेशोत्सिन्को प्रांताची १५६० सालची खानेसुमारी तर याहून मोठी. पानामागून पान डोक्यांच्या रांगा, आणि प्रत्येक डोक्यास लागून त्याचे नाव. अशी हजारो नावे. बाप्तिस्मा झाल्यामुळे गावोगाव हुआन आणि पेद्रो यांची गर्दी झाली होती. तेव्हा कोणता हुआन हे ससा किंवा पक्षी पाहूनच कळावयाचे.

आम्ही अध्यापक, हजेरीपटाशी आमचा जन्माचा संबंध. वर्षानुवर्षे शेकडो नावे पुकारावीत, ‘हजर’ असे उत्तर यावे, खूण करून पुढे जावे, यात कसले आले काव्य? परंतु वेशोत्सिन्कोच्या पटाची पाने पाहताना आमच्या मनात आले की, हाही एक हजेरीपट आहे, आणि त्यातील एकही ‘हजर’ म्हणणारा उरलेला नाही. १५४५ ते १५४८ या वर्षांत त्या देशावर जी भयंकर साथ आली तिने गावेच्या गावे ओस पाडली होती. जे वाचले त्यांची ही गणना. तिचा हेतू कनवाळूपणाचा नव्हता. कोणाकडून किती वसूल करावयाचे एवढेच सरकारास हवे होते. पण वसुलीसाठी का होईना, चित्रलेखकाने प्रत्येकाचे नाव लिहिताना थोडी कळ सोशिली. पुढच्याचा ससा मागच्यासारखा काढून त्यास भागविता आले नाही, कारण पुढचा मनुष्य ससा नव्हता.

त्या लोकांचे मोठे वाङ्मय पोथीत पूर्ण उतरलेलेच नव्हते. चित्र समोर ठेवून पाठ केलेले आख्यान म्हणावयाचे, अशी त्यांची परंपरा. म्हणून पाठ करणारे साथीत व युद्धात गेले, तसतशी चित्रे मुकी होत गेली. जळणारे देऊळ आम्हांस दिसते. ते जळत असता तेथे काय बोलले गेले ते आता कोणी सांगू शकत नाही. नावांची गोष्ट तशी नाही. त्यांच्यात ध्वनी कोंडून ठेविलेला असल्यामुळे सांगणारा मेला तरी त्यांची वाचा गेली नाही. नाहुआत्ल भाषा आजही मेक्सिकोत पंधरा लाखांहून अधिक लोक बोलतात. त्यांच्या तोंडी पाणी अद्याप ‘आत्ल’ आहे आणि दगड ‘तेत्ल’ आहे. शेवटचा राजा क्वाउतेमोक याचे चिन्ह खाली झेपावणारा गरुड. १५२१ साली तो शरण आला, १५२५ साली स्पॅनिशांनी त्याला फाशी दिले, आणि आज त्या देशात मुलांना क्वाउतेमोक हे नाव कौतुकाने ठेवतात. राजाचे नाव असे टिकावे यात नवल नाही. त्याच्यासाठी पुतळे असतात, रस्ते असतात.

तेपेत्लाओस्तोकच्या त्या शेतकऱ्यासाठी यांतले काहीच नव्हते. त्याचे शेत कोणाकडे गेले असेल ते असो; त्याचे घर, त्याची भाषा बोलणारे शेजारी, त्याच्यावर कर बसविणारे धनी, सर्व गेले. काळ्या काचेचे टोक, मडके आणि पाणी एवढे राहिले आहे. ही तीन चित्रे क्रमाने पाहून कोणीही आज मोठ्याने वाचावे: इत्स, को, आ. पावणेपाचशे वर्षांपूर्वी त्याच्या आईने त्याला ज्या नावाने हाक मारली असेल, ते नाव पुन्हा एकवार उच्चारले जाते.